चौकोनात न मावलेली आत्या

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझीच गोष्ट सांगतो. मी एक जुना फोटो आहे.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानासमोर झाला. त्या घरात फोटो नेहमी शिंप्याची मुलगी, म्हणजे पोरांची आत्याच काढायची, त्यामुळे ती स्वतः कुठेच नसे. त्या दिवशी तिचे बाबा हटून बसले. मग तिने घरच्या सगळ्यांना ओळीत उभं केलं, कॅमेरा स्टुलावर ठेवला, टायमर लावला आणि धावली. "अगं ये लवकर, पोट आत ओढून किती वेळ उभा राहू?" म्हणत बाबांनी हात लांबवला, तिचा दंड धरला. तेवढ्यात खटका पडला! मी आडवा, ऐसपैस झालो. पार उजव्या टोकाला धापा टाकत हसणारी आत्या.

पुढे बाबा देवाघरी गेले. मी कॉम्प्युटरच्या फोल्डरात पडून राहिलो. कुणी विचारलं नाही, पण मी रुसलो नाही. जपणं हीच आपली सेवा.

परवा आत्याच्या भाचीला दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर मला टाकायचं होतं. तिथे चौकोनी फोटो लागे. तिने माझी नक्कल केली, आजोबांना मधोमध घेतलं, उजवी बाजू कापली, लवकर चढावा म्हणून आकारही लहान केला. वर लिहिलं, 'आमचं सगळं घर.' वाहवा झाली.

मग परगावाहून आत्याचा फोन आला.

"छान आहे गं. पण बाबा हात कुणाकडे करताहेत? रिक्षा थांबवताहेत की काय?"

भाची हसली. आत्या मात्र हळूच म्हणाली, "बाबांबरोबरचा माझा तेवढा एकच होता, बाळा."

भाचीचा चेहरा उतरला. तिने मला उघडलं. मी धड होतो. वर-खाली पांढरी पट्टी सोडून तिने मला अख्खाच चौकोनात बसवला. मी जरा बारका दिसलो, पण सगळे मावले. आत्याला तर मूळ आकारातच पाठवला.

आत्याने दोन बोटांनी मला मोठं केलं. तरी मी फाटलो नाही, अंधुक झालो नाही.

"अगं, माझ्या बाहीवर बाबांच्या बोटांचा खडू उमटलाय! मला वाटलं, तो तेव्हाच धुण्यात गेला."

मग तिने त्या खुणांवरून हळूच बोट फिरवलं.

मित्रांनो, फोटो पाठवण्याआधी चारही कडांवरून नजर फिरवा. कापायचंच तर नक्कल कापा, मूळ जपा. आणि तुमच्या घरचे सगळे फोटो काढून स्वतः कुठेच न दिसणाऱ्या माणसाची आठवण ठेवा.