रिकाम्या ताटलीतली वार

"कायले सांभाळतात हे बोचकं? याची उशी केली असती तं कोनाची मान तरी सुखावली असती," ट्रंकेतून मला उपसताना वर्ग शिकवणारी इंदूबाई नर्स पुटपुटली.

मित्रांनो, ते बोचकं म्हणजे मीच. मी एक जुनी कापडी बाहुली आहे, मारेगावच्या दाई-वर्गात परीक्षेपुरती जन्माला येणारी. १९५६ साली वणीच्या एका शिंप्याने मला शिवलं. अंगात इकडचाच कापूस, बेंबीला पांढऱ्या नाडीची नाळ, ती दर परीक्षेला नवी, आणि नाळेच्या टोकाला लाल फलालीन कापडाची वार, बाळामागून आईच्या पोटातून पडते ती. तोंड मात्र त्याने टाके घालून बंदच काढलं. भोक पाडलेलं लाकडी खोकं ही माझी आई. तिच्या पोटी मी तीनशे वेळा तरी जन्मले असेन.

सुरुवातीला माझं फार कौतुक होतं. शिकायला आलेल्या बाया मला पदराने पुसायच्या. एकीने तर काजळही लावलं. कुणाचे हात कसे, हे मला बरोबर कळायचं. कुणी मान पिरगाळायची, कुणी पाय धरून ओढायची, आणि घडाघडा उत्तरं म्हणून पास व्हायची. मला कोण विचारतं!

दुसऱ्या पावसाळ्यात ट्रंकेत उंदीर शिरले आणि माझी वार कुरतडून गेले. नवी मागवायची तर अर्ज हवा, आणि अर्जात निष्काळजीपणा कुणाचा ते लिहायला हवं. अर्ज राहिला तो राहिलाच. तेव्हापासून बाया इनॅमलच्या रिकाम्या ताटलीकडे बघून म्हणायच्या, "वार पाहिली, पूर्ण आहे," आणि त्याचे दहा गुण मिळायचे. मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून ऊन दाखवत जा. आम्हांला साधा उंदीरही हाकलता येत नाही.

एकसष्टच्या हिवाळ्यात पलीकडच्या तांड्यावरून सुखीबाई आली. वीस वर्षं बाळंतपणं केलेली. पण आता पास झालेल्या दाईलाच कात्री, दोरा आणि औषधाची पेटी मिळणार होती, आणि घरी तिच्या सुनेला, जमनीला, नववा लागला होता.

जिल्ह्याहून आलेल्या डॉक्टरांपुढे तिने हात खसखसून धुतले, कात्री उकळली. मग मला असं अलगद बाहेर घेतलं, की मी कापसाची आहे हे क्षणभर विसरले. नाळ दोन ठिकाणी बांधली, मध्ये कापली. आणि बसून राहिली.

पुढे काय, असं डॉक्टरांनी विचारलं. ती म्हणाली, वार पडायची आहे. इंदूबाईने मागून ताटलीकडे खुणावलं, डोळे वटारले. चहा आला, तोही सुखीबाईने बाजूला सारला. तांड्यावर वार पडेपर्यंत दाई पाण्यालाही तोंड लावत नाही म्हणे. दारात ताटकळलेल्या बाया हसायला लागल्या.

"काहो मावशी," एक जण म्हणाली, "खोक्याले कळा येऊन राह्यल्या का?"

डॉक्टर कंटाळले. "पाहिली, एवढंच म्हणा आणि उठा. पेटी घेऊन जा."

सुखीबाईने पेटीकडे एकदा पाहिलं. "मले दिसली नाई, साहेब. पाह्यली कशी म्हनू? तुकडा आत राह्यला तं बाई जाते. माही बहीण रुपी तशीच गेली."

आता कुणी हसलं नाही. पण कागदावर त्याला रकाना नव्हता. डॉक्टरांनी 'नापास'वर पेन टेकवला. मी सुखीबाईच्या मांडीवर पडून होते. तिच्या हातांचे गुण फक्त मला ठाऊक, आणि माझ्या ओठांवर शिंप्याचे सहा टाके.

इंदूबाईने पुढे होऊन कागदावर हात ठेवला.

"थांबा, साहेब. वार इथं नाहीच. चार वर्षं झाली, नाही. आजवर पास झालेल्या साऱ्या खोटं बोलून पास झाल्या, अन् ते खोटं त्यायले मीच शिकवलं."