बुंदीला करवली पाहिजे

आमच्या बुंदी घोडीने धानपट्ट्यातल्या गोरेगावच्या आसपासचे इतके नवरदेव मांडवापर्यंत पोचवलेत, की लग्नाचा सगळा कार्यक्रम आता तिलाच पाठ आहे. बँड वाजला की नाचायचं. फटाके फुटले तरी ढिम्म उभं राहायचं. आणि समोर सजवलेलं काही आडवं दिसलं की थांबून मान खाली घालायची, कारण मग करवली ताट घेऊन येते आणि भिजवलेली चण्याची डाळ चारते. अंग पांढरं, त्यावर तांबूस ठिपके, म्हणून नाव बुंदी. धानाच्या शेतीसोबत बाबांचा हा जोडधंदा.

मी रश्मी, नववीत आहे. दिवाळीपासून बुंदीवर बसायला शिकते आहे. शिकवतात शेजारचे केवळराम काका, पोलिसांच्या घोडदळातून रिटायर झालेले. आधी मला वर्गात उभं राहून उत्तर द्यायचीही भीती वाटायची. आता सर म्हणतात, रश्मी, जरा इतरांनाही बोलू दे.

कँटर म्हणजे दुडकीच्या पुढची आणि चौखूर धावण्याच्या अलीकडची चाल. झोपाळ्यावर बसल्यासारखी यायला पाहिजे. बुंदीवर मात्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसल्यासारखी यायची.

"लगाम काऊन ओढून राहिली?" काका म्हणायचे. "विहिरीतून पाणी काढून राहिली का? हात सैल सोड. कमरेनं बस, अन् समोर पाह्य."

गोल गोल फेऱ्या मारून मला आणि बुंदीला दोघींनाही भोवळ यायची. मग एक दिवस झोपाळा आला. मी इतकी हसले की काकांना वाटलं पडली.

तेवढ्यात कळलं की नागपूरच्या एका रायडिंग क्लबच्या मॅडम उन्हाळी शिबिरासाठी मुली निवडायला येणार आहेत. घोडा आपलाच न्यायचा. कँटर आणि उडी दाखवायची.

"मे महिन्यात लग्नसराई असते," बाबा म्हणाले. "घोडी तिकडं गेली तर मी का नवरदेवाले पाठीवर घेऊन नाचू?"

पूर्वीची मी गप्प बसले असते. या वेळी मी जेवण होईपर्यंत वाद घातला. शेवटी बाबा हात धुवत म्हणाले, "मॅडमनं तुम्हा दोघींले घेतलं तर नेजो घोडी. नाही घेतलं, तर मंग शिकवणी बंद. दहावीचं पुस्तक धरजो."

काकांनी शाळेच्या मैदानात दोन ड्रमांवर बांबू आडवा ठेवला. घोडीला नीट दिसावा म्हणून त्याला आईची लाल साडी गुंडाळली, वरून झेंडूची माळ सोडली. बुंदी झोकात आली, बांबूपुढे थांबली आणि तिने मान खाली घातली. मी थांबले नाही. मी तिच्या मानेवरून सरळ पलीकडे गेले.

"उडी तर झाली," माझी चुलतबहीण अंजू म्हणाली. "पण घोडीची पाहिजे होती."

साडी काढली, माळ काढली, पण उशीर झाला होता. आता बुंदीला कुठलाही आडवा बांबू म्हणजे मांडवाचं दार वाटायला लागलं. मग मी अंजूला काकूचा शालू नेसवला आणि डाळीचं ताट देऊन बांबूच्या पलीकडे उभं केलं. बुंदीने थोडा विचार केला आणि टुणकन उडी मारली.

"ही लाच होय," काका म्हणाले.

"लाच नाही काका, मानपान."

काका मिशीत हसले. "मंग हळूहळू मानपान कमी करत न्या."

आम्ही करणार होतो. पण त्याआधीच मॅडम आल्या. डोक्यावर हेल्मेट, पायात गुडघ्यापर्यंत बूट. आल्याआल्या म्हणाल्या, "मैदानात घोडी आणि स्वार. बाकी कुणी नको."

अंजू शालू सावरत कडेला गेली. मी बुंदीवरून खाली वाकले. "मॅडम, तुम्ही बांबूच्या पलीकडून बघा ना. पाय कसे गोळा करते ते तिथूनच दिसतं. आणि तिचा खाऊ जरा धरता का? खाली ठेवला की मुंग्या लागतात."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. मॅडमनी ताट धरलं. बुंदीने अशी उडी मारली की बांबूला वाराही लागला नसेल. मग मॅडमपुढे जाऊन तिने मान झुकवली. मॅडमनी डाळ चारली. चारता चारता त्यांनी ताटातलं कुंकू पाहिलं, अंजूचा शालू पाहिला, मग मला पाहिलं.

"नागपुरात प्रत्येक उडीला करवली कुठून आणायची मी?" त्यांनी ताट अंजूकडे देऊन तिला पार शाळेच्या वऱ्हांड्यात पाठवलं. "आता पुन्हा मार."

बाबा कुंपणाला टेकून उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला दहावीचं पुस्तक स्पष्ट दिसलं.

मी कँटर धरला. हात सैल, नजर समोर. बुंदीने रिकाम्या हातांच्या मॅडम पाहिल्या आणि तिची चाल माझ्याखाली मंदावली. तेवढ्यात तिचे कान टवकारले. मैदानापलीकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, शेतमालकीण गीताबाई आणि तिच्या सोबतिणी धानानंतर पेरलेल्या लाखोळीची कोवळी पालेभाजी खुडत होत्या. रंगीत लुगडी, हातात टोपल्या. इतक्या करवल्या एकाच ठिकाणी बुंदीने जन्मात पाहिल्या नव्हत्या.

तिने बांबू ओलांडला आणि थांबलीच नाही. मैदानाच्या कडेचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, ओलांडला, त्यापुढचा ओलांडला, मग त्याच्याही पुढचा. मी काहीच करत नव्हते, फक्त हात सैल सोडून झोपाळ्यावर बसले होते. गीताबाईपुढे ती थांबली आणि तिने टोपलीत तोंड घातलं.

"कोणाची वरात होय हे?" गीताबाई म्हणाली. "माही लाखोळी तुडवली. नवरदेव कुठी हाय?"

"नवरदेव नाही जी. मीच आहे."

"मंग उतर खाली, नवरदेवा. भाजी खुडू लाग."

धुऱ्याधुऱ्याने बाबांची मोटारसायकल आली, मागे मॅडम, हेल्मेट तिरपं झालेलं.

"एवढे धुरे ओलांडायला कुणी सांगितलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"कुणीच नाही."

"कँटर कुठेही तुटला नाही," त्या म्हणाल्या. "तुला थांबवता येत होतं का तिला?"

येत होतं, असं सांगायचं अगदी ओठावर आलं होतं. "नाही मॅडम. म्हणून तर नागपूरला यायचंय."

मॅडमनी बुंदीच्या दातांतून टोपलीचा काठ सोडवला आणि बाबांकडे वळल्या. "मेमध्ये दोघींनाही पाठवा. आधी थांबायला शिकवू. उड्यांची काळजी नाही."

बाबांनी डोकं खाजवलं. "अन् माह्या नवरदेवाईचं कसं?"

"बसव ना त्याईले तुह्या फटफटीवर," गीताबाई म्हणाली. "तिले डाळ नाही लागत."

मी खाली उतरले आणि भाजी खुडायला बसले. तुडवलेल्या भागातली आधी.