शेपटीचे आठ मिलीमीटर

मित्रांनो, मी एक जुने सैनिकी हेलिकॉप्टर आहे. माझे इंजिन काढून नेले आहे, पुढच्या टायरातली हवा गेली आहे आणि पोटात चिमण्यांनी बिऱ्हाड केले आहे. तरी माझी कीव करू नका. ट्युनिशियातल्या स्फाक्स शहराबाहेर, एका तंत्रशाळेच्या अंगणात मी ताठ उभे आहे, आणि मला जे सांगायचे आहे ते रडत सांगण्यासारखे नाही.

माझा जन्म फ्रान्समधल्या एका कारखान्यात झाला. माझ्या सांगाड्याची प्रत्येक नळी आधी लोखंडी साच्यात बसवून पाहत आणि मगच सांधत. केसभर फरक निघाला तरी ती नळी बाजूला पडे. म्हणून मी जेवढे आहे तेवढेच आहे. कोणी म्हटले म्हणून लांब होत नाही की आखूड होत नाही.

जहाजातून मी इकडे आले आणि कामाला लागले. वादळात उलटलेल्या होड्यांवरून केर्केना बेटांचे कोळी मी उचलले. दक्षिणेच्या खाऱ्या रणात रुतलेल्या तुकडीला पाणी पोहोचवले. एकदा तर इस्पितळात नेताना एक बाई माझ्या पोटातच बाळंत झाली. वैमानिकाने मला तेवढा वेळ जराही हलू दिले नाही. खाली उतरल्यावर लोकांनी माझ्या नाकावर गुलाबपाणी शिंपडले. ते दिवस कौतुकाचे होते.

पुढे नवी यंत्रे आली. मला या शाळेला देऊन टाकले. विद्यार्थी माझे नट काढत, पुन्हा बसवत, त्यातून शिकत. मग त्यांच्यासाठी संगणक आले आणि माझ्या दारावर नावे कोरण्यापलीकडे कोणाला माझा उपयोग उरला नाही.

माझ्याकडे आवर्जून येणारी एकच मंडळी होती. लष्करी विमाने आणि हेलिकॉप्टरे यांच्या छोट्या प्रतिकृती बनवणाऱ्या हौशी लोकांचे मंडळ. त्यांचे प्रमुख सी ख्मैस; इकडे ‘सी’ म्हणजे श्रीयुत. जन्मभर कवळ्या बनवण्याचा धंदा केलेला हा माणूस. दातांच्या अवजारांनीच तो मोहरीएवढे खिळे कोरायचा. मंडळाकडे माझा एक आराखडा होता. कुठल्याशा परदेशी मासिकातल्या पानाची प्रत, तिची प्रत, आणि तिचीही प्रत. मंडळी येत, माझ्या रंगाचे फोटो काढत, पुदिन्याचा चहा पीत आणि मग, मित्रांनो, माझ्याच सावलीत बसून तो कागद मोजत. मी हाताच्या अंतरावर उभे, आणि हे लोक कागदाला पट्टी लावत! मला तोंड असते तर मी ओरडले असते.

त्या कागदावरून सी ख्मैस यांनी माझी अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याची प्रतिकृती केली. राजधानीतल्या स्पर्धेत तिला चांदीचा कप मिळाला. “शेपूट काय डौलदार आहे!” असे परीक्षक म्हणाले म्हणे. ती प्रतिकृती मला दाखवायला आणली तेव्हा मी पाहिले. सगळे माझे होते, शेपूट तेवढी माझी नव्हती.

यंदा शाळेला नव्या वर्गखोल्यांसाठी जागा हवी झाली. गुरुवारी मला कापून भंगारात न्यायचे ठरले. शहराच्या वाचनालयात काचेच्या कपाटात माझी आठवण म्हणून सी ख्मैस यांची प्रतिकृती ठेवणार होते. मुलांना वर्ग हवेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण गुरुवारनंतर जगात मी म्हणून जे उरणार होते, ते मी नव्हते. हे मला मान्य नव्हते.

तेवढ्यात मंडळात नाइला आली. बोटींच्या कारखान्यात आराखडे काढणारी ही तरुण मुलगी. माझ्या शेपटीखालून दोन चकरा मारून ती म्हणाली, “सी ख्मैस, शेपूट लांब वाटते.”

“कोणाची? माझी?” ते म्हणाले. मंडळी खो खो हसली.

“तुमच्या प्रतिकृतीची.”

“पोरी, हा कागद बघ. आम्ही सगळ्यांनी यावरूनच बनवलंय. राजधानीतले परीक्षक काय आंधळे होते?”

“त्यांच्याकडेही हाच कागद असेल.”

“आणि तुझ्याकडे काय आहे?”

तिने माझ्या पोटावर थाप मारली. “हे आहे.”

“हे? याचं दार दुसऱ्याच यंत्राचं, पाय वाकलेले, टायर बसलेले. हे म्हातारं कसली साक्ष देणार?”

म्हातारे म्हणा, खुशाल म्हणा. पण खोटे म्हणाल तर माझा एकेक खिळा उलटून उठेल!

रविवारी सकाळी नाइला सामान घेऊन आली. गंमत बघायला म्हणून सी ख्मैस स्वतःची खुर्ची घेऊन आले. नाइलाने माझ्या नाकावरून, मोठ्या पंख्याच्या दांड्यावरून, शेपटीच्या शेवटच्या नळीवरून आणि तिथल्या छोट्या पंख्याच्या कडेवरून ओळंबे सोडले. दोन दोऱ्यांमधले अंतर मोजले की माझी खरी लांबी कळणार होती. पण समुद्रावरचा वारा ओळंब्यांना झोके देऊ लागला. दोरी एका जागी ठरेना.

आमचा चौकीदार लझर दाराशी पाव खात बसला होता. सगळे त्याला अम लझर, म्हणजे लझरकाका म्हणतात.

“अम लझर, तुमचं तेल द्या,” नाइला म्हणाली.

“ऑलिव्हचं? माझ्या न्याहारीचं? कशाला?”

“ओळंबे बुडवायला. जाड तेलात ते झुलायचे थांबतात.”

“या रब्बी, अरे देवा! स्फाक्सचीच ना गं तू? इथं तेलात पाव बुडवतात, लोखंड नाही!”

“परत देते.”

“लोखंड नाहलेलं तेल परत घेऊन काय दिवा लावू?” असे बडबडत त्याने पावाचा तुकडा आधी पुरता भिजवून घेतला आणि मग डबा पुढे केला. ते तेल वाट्यांत ओतून नाइलाने ओळंब्यांखाली ठेवले. दोऱ्या हळूहळू शांत झाल्या. नाइलाने टेप उघडला.

“थांब,” खुर्चीतून आवाज आला. सी ख्मैस पुढे झुकले होते. “तू हेलिकॉप्टर मोजतेस की त्याचं बसलेलं तोंड?”

“म्हणजे?”

“दात गेले की हनुवटी वर येते, गाल आत जातात. त्या चेहऱ्याचं माप घेऊन कवळी केली तर ती कधी बसत नाही. याचा पुढचा टायर बसलाय. नाक खाली, शेपूट वर. तिरक्या अंगाचं आडवं माप कमीच भरणार. आधी याला सरळ बसव.”

नाइलाने कपाळावर हात मारून घेतला. “खरंच की. हे माझ्या लक्षात कसं नाही आलं!”

मित्रांनो, या माणसाला गप्प बसता आले असते. चुकीचे माप होऊ देऊन नंतर सगळीच मापे उडवून लावता आली असती. पण मापाचा माणूस तो. चुकीचे माप त्याला डोळ्यांसमोर बघवेना. खुर्ची सोडून तो उठला, मोटारीचा जॅक माझ्या नाकाखाली लावला, फळ्या सरकवल्या. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके माझ्या फरशीच्या पुढच्या आणि मागच्या कडेला धरली. दोन्हीकडचे पाणी एका रेषेत आले आणि कित्येक वर्षांनी मी सरळ उभे राहिले.

मग टेपचे एक टोक सी ख्मैस यांनी धरले, दुसरे नाइलाने. नाकापासून शेपटीवरच्या छोट्या पंख्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत. आकडा कागदावरच्या धडाच्या लांबीशी तंतोतंत जुळला.

“बघ!” सी ख्मैस ओरडले. “कागद बरोबर!”

नाइलाने टेप मागे आणला आणि शेपटीच्या शेवटच्या नळीवरून सोडलेल्या दोरीला लावला. “धड इथं संपतं, सी ख्मैस. पंख्याच्या कडेपर्यंतचं माप कुणीतरी धडाचं समजलं. मग आराखड्यात शेपूट ओढून तिथवर नेली, आणि पंखा तिच्याही पुढे काढला.”

फरक चाळीस सेंटीमीटरांचा होता. प्रतिकृतीत आठ मिलीमीटर.

“आठ मिलीमीटर?” अम लझर म्हणाला. “एवढ्यासाठी माझं तेल घालवलंत?”

कोणी हसले नाही. सी ख्मैस यांनी टेप लावून स्वतः पुन्हा मोजले. मग म्हणाले, “गुरुवारनंतर कोणाला कळणार आहे?”

“कोणालाच नाही,” नाइला म्हणाली. “म्हणूनच.”

ते खुर्ची उचलून निघून गेले. सोमवारी आले नाहीत, मंगळवारी आले नाहीत. मी मनात म्हटले, कप जिंकला. चांदीपुढे पत्र्याचे कोण ऐकणार?

बुधवारी ते आले. माझ्या पायरीवर बसले, खोक्यातून प्रतिकृती काढली आणि कवळीचे प्लास्टर कापायची बारीक करवत तिच्या शेपटीला लावली. नाइला शेजारी उभी होती. करवतीचा आवाज मला कापत असल्यासारखा ऐकू आला, आणि मला तो आवडला. त्यांनी आठ मिलीमीटरांचा तुकडा काढला, टोके जुळवली, डिंक लावला, सांधा घासला. मग एक डोळा मिटून ती माझ्या अंगाशी धरून पाहिली.

“राजधानीवाले कप परत मागतील हं,” अम लझर म्हणाला.

“मागू देत. त्यात चहासुद्धा नीट पिता येत नाही.”

“सांधा दिसतोय, सी ख्मैस,” नाइला हळूच म्हणाली. “रंग देऊ?”

“नको. दिसू दे.”

मित्रांनो, आज गुरुवार. माणसे आली आहेत, त्यांच्या हातात कापायची साधने आहेत. मी घाबरलेले नाही. वाचनालयात माझी शेपूट माझ्याच मापाची आहे. तुमच्या गावातही एखादे जुने इंजिन, एखादी होडी, एखादी तोफ कोपऱ्यात उभी असेल. तिच्याबद्दल छापलेले वाचा, जरूर वाचा. पण एकदा जवळ जाऊन तिला हात लावा, आणि ती आहे तशी लिहून ठेवा. आम्हाला हार नकोत, सुस्कारे नकोत. जतन करायला जागा नसेल तर कापा. पण आम्ही होतो त्याहून एक बोटही सुंदर दाखवू नका.