तीन नंबरचा टॅब आणि उंच नळ

मी शाळेतला तीन नंबरचा टॅब बोलतोय. ‘बोलतोय’ म्हणणं जरा धाडसाचंच आहे, कारण माझा माईकही गेलाय आणि स्पीकरही. तरी कसं कोण जाणे, मला ऐकू सगळं येतं, पण ऐकलेलं सांगता येत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, जग बदलून टाकू. पहिल्या कचेरीतल्या साहेबांनी दोन वर्षं माझ्यावर चहाचा कप ठेवला. मग कचेरीनं आम्हा जुन्या टॅबना शाळेला भेट दिलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाले आणि आमची रवानगी कपाटात झाली.

सातवीच्या बाईंनी एक दिवस ते कपाट उघडलं. मुलांना म्हणाल्या, “शाळेतली एखादी खरी अडचण शोधा आणि दोन मिनिटांची चित्रगोष्ट बनवा. शेवट मात्र आधी करून बघायचा. जमला तरच गोष्टीत घालायचा.”

धडधाकट टॅब पटापट उचलले गेले. मी उरलो. उरलेल्या दोघांच्या वाट्याला आलो. एक बडबड्या, त्याचं तोंड झोपेतही चालायचं म्हणे. दुसरी पुटपुट. हिची हजेरी घेताना बाईंना मान वर करून बघावं लागे, आली आहे की नाही ते.

पुटपुटकडे अडचण तयारच होती. तिचा धाकटा भाऊ पहिलीत होता. त्या आठवड्यात तो दुसऱ्यांदा चक्कर येऊन पडला होता. डॉक्टर म्हणाले, पोरगा पाणीच पीत नाही. घरी आई रागावली. शाळेत मोठे सर म्हणाले, “आळस, दुसरं काय!” धाकटा नुसता खाली मान घालून बसे.

“पाणीचोर!” बडबड्या ओरडला. “मी चोर होतो. काळा डगला, मागून धूर!”

“आधी नळापाशी बघूया का?” पुटपुट पुटपुटली.

त्यांनी मला नळासमोरच्या कट्ट्यावर भिंतीला टेकवलं आणि मधल्या सुट्टीचं चित्रण सुरू करून दोघं डगला शोधायला गेली. मी घसरलो. थेट जमिनीवर, बादलीला टेकून उभा. पुढे मोठे सर याला ‘कॅमेऱ्याचा अभिनव कोन’ म्हणाले, आणि मीही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

जमिनीवरून मला जे दिसलं ते वर कुणालाच दिसत नव्हतं. नळ दाबून धरायचा होता, आणि चांगलाच कडक. पहिलीची पोरं टाचा उंचावून दोन्ही हातांनी तो दाबायची, मग पाणी घ्यायला हातच उरायचा नाही. मागून मोठी मुलं ओरडायची, “ए, आटप!” धाकट्यानं तीनदा प्रयत्न केला, ओली बोटं चाटली आणि वर्गात निघून गेला.

पुटपुटनं ते चित्रण दोनदा पाहिलं. “तो पीत नाही असं नाही,” ती म्हणाली. “त्याला मिळत नाही.”

बडबड्यानं डगल्याची मुकाट्यानं घडी केली.

मग शेवट शोधायला सुरुवात झाली. पहिला शेवट: मोठ्या मुलानं नळ दाबून धरायचा. दुसऱ्याच दिवशी मोठा मुलगा खेळायला पळाला. दुसरा शेवट: स्टूल. ओल्या फरशीवर ते सरकलं आणि बडबड्याचा गुडघा फुटला. शेवटी पुटपुटनं पहिलीच्या पोरांनाच विचारलं.

धाकटा म्हणाला, “ताई, नळालाच खाली आण ना.”

शाळेत दुरुस्तीला आलेल्या प्लंबरकाकांनी पाईप निरखला. “याच पाईपातून खाली फिरकीचा नळ निघेल. अर्ध्या दिवसाचं काम. पण मोठ्या सरांची परवानगी आणा.”

गोष्ट दाखवायचा दिवस आला, शेवट मात्र अजून करून बघायचा राहिलाच होता. सभागृह भरलं. पडद्यावर चित्रं सुरू झाली, आवाज अर्थातच नाही. निवेदन बडबड्या करणार होता. तो उठला, घसा खाकरला आणि म्हणाला, “हिच्या भावाची गोष्ट आहे. हीच सांगेल.” आणि खाली बसला.

पुटपुट उभी राहिली. आवाज इतका बारीक, की शेवटच्या रांगेतली पोरंसुद्धा गप्प होऊन पुढे वाकली. बोटं चाटणारा धाकटा पडद्यावर आला तेव्हा ती थांबली, मग मोठ्या सरांकडे वळली.

“सर, तो आळशी नाही. तुम्ही एकदा गुडघ्यावर बसून नळ दाबून बघाल?”

माझी बॅटरी थिजली. सर मात्र उठले आणि बाहेर गेले. परत आले ते कोपरापर्यंत भिजलेली बाही घेऊन. धाकट्यासमोर वाकून म्हणाले, “चुकलो रे बाबा.” मग वळून बाईंना म्हणाले, “प्लंबरना उद्याच बोलवा.”

खालच्या नळाचं उद्घाटन झालं. फोटो काढायचा मान मला मिळाला. पाहुणे असे ओळीनं उभे राहिले की फोटोत नळ सोडून सगळं आलं.

आता सातवीला नवे टॅब आलेत आणि मी पहिलीच्या वर्गात असतो. निम्म्या चित्रणात कुणाचा तरी अंगठाच दिसतो. परवा एका चिमुरडीनं विचारलं, “बाई, शेवट नाही जमला तर परत करता येतो?”

“म्हणून तर आधी करून बघतो आपण,” तिच्या बाई म्हणाल्या.

माझं म्हातारपण मजेत चाललंय. विनंती एकच आहे, मला उचलण्याआधी पोरांचे हात तेवढे पुसत जा. हल्ली ती फार पाणी पितात.