माझ्या पाठीवरचा नारळ

खंडेनवमीला सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या पाठीवर नारळ आपटला गेला. दोनदा फुटला नाही. तिसऱ्यांदा फुटला. पाणी माझ्या अंगात मुरले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मित्रांनो, मी एक जुना, काळा ग्रॅनाइटचा दगड आहे. देवळातला नव्हे, मापाचा. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीत एका लहान कारखान्यातल्या गार खोलीत, तीन टेकूंवर मी अकरा वर्षे बसलो. दक्षिणेतल्या खाणीतून मला काढले आणि कारागिरांनी दोन महिने हाताने घासून सपाट केले. केसाच्या जाडीचे वीस भाग करा. त्यातल्या एका भागाएवढाही उंचसखलपणा माझ्यात नव्हता.

त्या वर्षांत देशाचे क्रूझ क्षेपणास्त्र घडत होते. ते जमिनीलगत विमानासारखे उडते. सुटल्यावर त्याचे मिटलेले पंख उघडतात. त्या पंखांच्या बिजागऱ्या आमच्याकडे बनत आणि माझ्यावर ठेवून तपासल्या जात. पहिली बिजागरी पसंत पडायला चौदा महिने गेले. तिचा नकाशा नऊ वेळा बदलला. तयार मालाच्या तीन खेपा परत आल्या. तपासनीस मार्थाबाई दर वेळी मला मऊ फडक्याने पुसून पुन्हा मापे घेत. एकदा एका सुपरवायझरने माझ्यावर जेवणाचा डबा ठेवला. बाईंनी तो उचलून बाहेर नळावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुमचं जेवण तिकडं गेलंय."

पहिले उड्डाण साधले तेव्हा पेढे वाटले. हार कारखान्याचे मालक काकासाहेब यांच्या गळ्यात पडला. तेव्हा मला राग आला नाही. राग नंतरचा आहे.

खंडेनवमीला काकासाहेबांना फोटो हवा होता: ज्या दगडावर क्षेपणास्त्राचा भाग तपासतात, त्यावर नारळ. उजेडासाठी चौघांनी मला टेकूंवरून उचलून खिडकीशी नेले. मार्थाबाई आडव्या आल्या. काकासाहेब सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "बाई, तुमचा देव वेगळा, म्हणून आमचा नारळ खुपतो का?"

"साहेब, आमचे पाद्री मेणबत्ती घेऊन आले असते, तरी मी हेच बोलले असते."

लेथवरचे रंगनाथ दरवर्षी पूजा करत. तेही म्हणाले, "धा वर्सं मीच नारळ फोडतोय साहेब, पर दाराच्या पायरीवर. या दगडावर कदी न्हाई." त्यांना फोटोच्या चौकटीबाहेर उभे केले.

नंतर मला टेकूंवर परत ठेवले ते मूळ जागेपासून दोन बोटे सरकवून. दगडही वाकतो, मित्रांनो, डोळ्यांना दिसणार नाही इतका. हलवलेला दगड पुण्याहून माणूस बोलावून तपासून घ्यायचा असतो. त्याला चार दिवस लागतात. बिजागऱ्यांची गाडी तर परवाच निघणार होती. बाईंनी लाल टॅगवर 'तपासणी बाकी, वापरू नये' असे लिहिले, तारीख घालून सही केली, तो मला बांधला आणि त्या नगरला घरी गेल्या.

दसऱ्याला सुट्टी होती. काकासाहेबांनी खोली उघडली, टॅग तोडून टोपलीत टाकला आणि पॅकिंगच्या माणसाकडून चाळीस बिजागऱ्यांची मापे माझ्यावर घेतली. मी सगळ्या सरळ दाखवल्या. सगळ्या तशा नव्हत्या. वाकलो होतो मी. अकरा वर्षांत मी पहिल्यांदा खोटे बोललो, आणि ते माझ्याकडून बोलवून घेतले गेले. कागदांवर शिक्का बसला तो बाईंच्या खणातला, बाईंच्या नावाचा.

जानेवारीत जमिनीवरच्या चाचणीत एक पंख अर्धाच उघडला. दोष बिजागरीत निघाला. बाईंना त्याच दिवशी कामावरून थांबवले. जाताना त्यांची पिशवी तपासली. मला मागच्या शेडमध्ये टाकले. आता माझ्यावर चहाचे कप ठेवतात. फोटो मात्र ऑफिसात टांगलेला आहे.

मित्रांनो, हत्यारांची पूजा जरूर करा. पण वर्षात एक दिवस कुंकू लावून उरलेले दिवस त्यांना खोटे बोलायला लावणार असाल, तर ते कुंकू आम्हाला नको. आम्हाला मऊ फडके द्या. आणि जो माणूस थांबा म्हणतो, त्याचे ऐका.

आज सकाळी अकरा वाजता चौकशीचे तिघे जण आले. त्यांनी शिक्का ताब्यात घेतला, कागद घेतले. माझ्याबद्दल कोणी विचारले नाही. मार्थाबाई फाटकाबाहेर बाकावर बसून आहेत. तो लाल टॅग रंगनाथांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी टोपलीतून उचलून ठेवला होता. आज तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात आहे. दुपारी तीन वाजता काकासाहेबांनी रंगनाथांना बाजूला बोलावले आणि खांद्यावर हात ठेवून बराच वेळ काही सांगितले.

चार वाजून दहा मिनिटांनी रंगनाथांचे नाव पुकारले गेले. ते आत गेले आहेत. दार अजून बंद आहे.