एका कानाची सेखमेत

मित्रांनो, मी एक जुना साचा आहे. भाजलेल्या मातीचा, तळहातावर मावेल एवढा. माझ्या पोटात सिंहमुखी सेखमेत देवी आहे, पण उलटी. तिचं नाक म्हणजे माझ्यातला खड्डा आणि तिचे कान म्हणजे दोन बारीक भोकं. मला स्वतःचा चेहरा नाही. मी फक्त दुसऱ्यांचे चेहरे घडवतो.

नदीकाठच्या मेन-नेफर शहरात, प्ताह देवाच्या देवळामागच्या गल्लीत पेंतू नावाचा कारागीर राहत असे. त्याची मुलगी नुबेत जन्मली, त्याच वर्षी त्याने मला घडवलं. आधी त्याने लाकडात देवी कोरली, मग ती ओल्या मातीत दाबली आणि ती माती भाजली. शेजारच्या बाकेतमावशीने मला उलटंसुलटं करून पाहिलं.

"पेंतू, जन्मात कधी सिंहीण पाहिलीस का रे? एवढं हुबेहूब कसं जमलं?"

"रोज बघतो की," पेंतू म्हणाला. "आत चुलीपाशी बसलीय."

"ऐकलं हो मी!" आतून त्याच्या बायकोचा, मेरेतचा आवाज आला. "आज भाकर देवळात जाऊन मागा!"

मेरेतचा आवाज असा, की नदीतला नावाडीसुद्धा वल्हं थांबवून वळून बघे. पण मनाने ती लोण्यासारखी होती, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं.

जुनं वर्ष संपतं आणि नवं लागतं, त्यांच्या मध्ये पाच दिवस उरतात. ते कुठल्याच महिन्याचे नाहीत. त्या दिवसांत सेखमेत रोगाचे बाण सोडते, म्हणून लहानथोर सगळे तिचीच निळी मूर्ती दोऱ्यात ओवून गळ्यात बांधतात. जिचा मार, तिचाच आधार. त्यामुळे वर्षअखेर आली की मला श्वास घ्यायला फुरसत नसे. पांढऱ्या वाळूच्या पुडीचा लगदा पेंतू माझ्यात दाबी, हलकेच सोडवून काढी, सुकवी आणि भट्टीत घाली. पांढरी गेलेली देवी बाहेर येताना निळी चकचकीत होऊन येई. देवळातला पुजारी, जो आमचा वैद्यही होता, एकदा म्हणाला, "पेंतू, तुझी देवी रागावलेली दिसते, पण आई रागावते तशी." त्या दिवशी मीही फुशारलो, खोटं कशाला बोलू?

पण मित्रांनो, माझ्या पोटातून हजारो देव्या गेल्या आणि एकही परत आली नाही. लोक मूर्तीला नवस बोलत, तिला मुका देत. साच्याला कोण विचारतो? मला विचारणारी एकच होती, नुबेत. रोज संध्याकाळी ती मला मांडीवर घेई आणि बोरूच्या काडीने माझे कोपरे साफ करी.

"हलू नकोस," ती मला दटावी. "कान साफ करतेय. कानात घाण असली की आईचं ऐकू येत नाही."

"माझं ऐकू येत नाही असा कान अजून जन्माला यायचाय!" मेरेत आतून ओरडे आणि दोघी हसत सुटत.

नुबेत सात वर्षांची झाली, त्या वर्षअखेरीला, पाचांतल्या पहिल्या दिवशी, दारात गिऱ्हाइकांची रीघ लागली होती. मेरेत म्हणाली, "अहो, पहिली देवी आपल्या पोरीला करा."

"घरचं कुठं पळून चाललंय?" पेंतू म्हणाला. "आधी दारातली माणसं वाटेला लावू दे."

दुसऱ्या दिवशी नुबेत तापली. संध्याकाळी मला कुणी साफ केलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पेंतूचं अर्धं लक्ष आतल्या खाटेकडे. माझ्या डाव्या कानात लगदा साठत गेला आणि वाळून दगड झाला. मला ते कळत होतं, पण सांगणार कसं?

शेवटी पेंतूने तिची देवी दाबली. ओल्या पांढऱ्या लगद्यात डोळा फसतो. चौथ्या दिवशी भट्टी उघडली तेव्हा ती निळीशार देवी त्याच्या हातात आली, आणि तिला डावा कानच नव्हता. बाकेतमावशीने स्वतःच्या गळ्यातली काढून पुढे केली. पण दोऱ्याला ज्याच्या नावाची गाठ, त्यालाच ती राखते. आणि नवी करून भाजायची, तर आणखी एक दिवस गेला असता.

पेंतूने मूर्ती मुठीत झाकली. "ही नाही बांधायची. अर्धी विनवणी ऐकणारी देवी काय करील सांगता येत नाही."

"एक कान आहे ना तिला?" मेरेतने मूर्ती त्याच्या हातातून ओढून घेतली. "तेवढा पुरे. माझा आवाज नदीपलीकडे जातो, तो काय हिच्या एका कानात जाणार नाही?"

तिने गाठ मारली. दिवसभर ती खाटेपाशी बसून त्या मूर्तीला हाका मारत राहिली. आधी विनवण्या, मग नवस, मग चक्क शिव्या. "तूही आईच ना गं? मग ऐक की!" गल्लीतली माणसं दारात गोळा झाली होती. पाचव्या दिवशी दुपारी मेरेतचा आवाज बसला. ऊन कलायच्या आत नुबेत गेली.

पेंतूने मला एका चिंधीत गुंडाळलं आणि कोनाड्यात ठेवलं. डाव्या कानातला लगदा तसाच. त्याने दुसरा साचा केला, पण त्यातल्या देवीला राग येत नसे, नुसती झोप आल्यासारखी दिसे. त्या एका कानाचा सल धरून तो मेरेतशी बोलेनासा झाला. ती काही विचारी, तो लगदा मळत राही. नुबेत तापली तेव्हा माझे दोन्ही कान स्वच्छ होते, ताप काही त्या एका कानाच्या देवीमुळे आला नव्हता, हे मला त्याला सांगायचं होतं. चिंधीच्या अंधारात मी तेच तेच घोकत बसलो. एवढा एकटा मी कधीच नव्हतो.

वर्ष सरलं. ते पाच दिवस पुन्हा आले. पेंतू देवळात गेला होता. मेरेतने चिंधी सोडली, मला मांडीवर घेतलं आणि बोरूच्या काडीने डावा कान कोरू लागली. कितीतरी वेळ लागला. शेवटचा कण निघाला तेव्हा तिने मला तोंडाजवळ नेलं.

जिच्या हाकेने नावाडी थांबत, ती मेरेत माझ्या कानाशी कुजबुजली, "नुबेत आता आठ वर्षांची असती. हे मी कुणाशी बोलू? घरात कुणी ओ देत नाही."

मी ऐकलं, मित्रांनो. शब्द न् शब्द ऐकला. मला ते सगळे दिवस ऐकू येत होतं, तिच्या हाका, तिचे नवस, तिच्या शिव्यासुद्धा. पण भाजलेल्या मातीला ओ देता येत नाही.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. मग मला पुसलं आणि कोनाड्यात ठेवलं, या वेळी चिंधीशिवाय.

मित्रांनो, आपली हत्यारं, आपली भांडी काम झालं की साफ करून ठेवा, हे तर सगळेच साचे सांगतील. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कुणी हाक मारली, तर ओ द्या. तुम्हाला ते जमतं.