पन्नास दिवस

ताराचंदने स्ट्रिपला कात्री लावली तेवढ्यात प्रमिलाबाईंनी काउंटरवर थाप मारली.

"तिकडून नको कापू. या टोकाकडच्या चार दे."

"काकू, गोळ्या साऱ्या सारख्याच राह्यते नं. या टोकाले बॅच नंबर अन् एक्सपायरी छापली असते. ते आमाले शेवटलोक ठेवा लागते."

"मग आखी स्ट्रिपच दे."

ताराचंद हसला. काका गेल्यापासून काकू तिरसट झाल्या, हे बोरगाव मेघेच्या त्या गल्लीत सगळ्यांनीच समजून घेतलं होतं.

"तुमचंबी बीपी वाढलं काय, काकू?"

"वाढनारच."

त्यांचं बीपी अगदी ठणठणीत होतं. घरी येऊन त्यांनी स्ट्रिप लिफाफ्यात घातली, लिफाफ्यावर तारीख लिहिली आणि सही केली. तहसील कचेरीत एकतीस वर्षं लिपिक म्हणून काढलेल्या बाईला कागद कसा करायचा हे शिकवावं लागत नाही.

जुलैत त्यांचे यजमान कृष्णकांत न्हाणीघरात कोसळले. मेंदूत रक्तस्राव. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने विचारलं, "बीपीच्या गोळ्या बंद केल्या होत्या का?" प्रमिलाबाई म्हणाल्या, नाही, रोज सकाळी चहानंतर मी माझ्या हातानं देते. डॉक्टरने मान हलवली आणि काहीतरी लिहिलं. टेबलाच्या पलीकडून उलटा कागद वाचण्याची त्यांना नोकरीतली सवय. 'गोळ्या अनियमित' असं लिहिलं होतं. तेराव्याला जावा आपसात कुजबुजत होत्या. पुण्याहून आलेला मुलगा सुमीत तर मायेनं जवळ बसून म्हणाला, "आई, माणूस विसरतो एखाद वेळी. मनाला लावून घेऊ नको." नवरा गेल्याचं दुःख एकीकडे, पण हे वाक्य त्यांना जन्मभर पचणार नव्हतं.

सुमीत गेल्यावर त्यांनी खण उपसला. मागच्या वर्षीची एक स्ट्रिप आणि यंदाची एक. नाव तेच, कंपनी तीच. फक्त यंदाच्या छपाईत कंपनीच्या नावातलं एक अक्षर गळलं होतं. त्या रात्रीपासून त्यांना ताराचंद धरलेला हवा होता. भर दिवसा, त्याच्याच दुकानापुढे, चार लोकांच्या देखत.

पोलीस ठाण्यात सांगितलं, हे काम औषध खात्याचं. औषध प्रशासनाच्या कार्यालयात सांगितलं, गोळी आम्ही तपासू, पण माणूस धरायचं काम पोलिसांचं. प्रमिलाबाईंना राग आला नाही. लोकांना असं या दारातून त्या दारात त्यांनी स्वतःच कितीदा धाडलं होतं, त्यामुळे यावरचा उतारा त्यांनाच ठाऊक. त्यांनी एकच अर्ज लिहिला. खाली 'प्रत माहितीस्तव' म्हणून दोन्ही कार्यालयांची नावं एकाखाली एक घातली आणि दोन्हीकडून पोच घेतली. दुसऱ्याकडेही हा कागद आहे, हे प्रत्येकाला कळलं की कुणालाच तो दाबून बसता येत नाही. आठवड्याभरात औषध निरीक्षक लीना देवतळे यांचा फोन आला आणि स्ट्रिप तपासणीला गेली.

अहवाल मिळाला तो सहा ऑक्टोबरला. लीनाबाईंनी समोर बसवून वाचून दाखवला.

"या गोळीत औषधच नाही. खडू म्हणा हवं तर."

प्रमिलाबाईंनी अहवालाची प्रत घेतली, कार्यालयाच्या प्रतीवर मिळाल्याची सही केली, खाली तारीख घातली.

"आता उचला त्याला."

"नाही उचलता येत. माल रायपूरकडून येतोय. तिथलं औषध खातं, तिथले पोलीस, इथली गुन्हे शाखा आणि आम्ही, सगळे एकाच दिवशी, एकाच वेळी जाणार. आधी कुणकुण लागली तर तिकडचं गोदाम रिकामं होईल. ताराचंदपाशी चकार शब्द काढायचा नाही."

"नाही काढत."

जुलैनंतर पहिल्यांदाच त्या दिवशी त्यांना पोटभर जेवण गेलं.

दिवाळीत त्या फराळाचं ताट घेऊन ताराचंदच्या घरी गेल्या. पुढं काय वाढून ठेवलंय हे ठाऊक नसलेला माणूस कसा हसतो, ते त्यांना जवळून बघायचं होतं. घरात मायलेक दोघंच. ऐंशीच्या धुरपताबाई खाटेवर बसल्या होत्या. ताराचंदने स्ट्रिपमधून एक गोळी दाबून काढली आणि मायच्या तळहातावर ठेवली. तेच नाव, तीच छपाई, तेच गळलेलं अक्षर.

"मीच देतो रोज, काकू. ते इसरते. बीपीचा काही भरोसा नाई, तुमाले तर मालूमच आहे."

प्रमिलाबाईंच्या ओठावर शब्द आला होता. लीना मॅडमनी बोलू नका म्हणून सांगितलंय, असं त्यांनी स्वतःला बजावलं. तेही खरंच होतं. पण त्याच्याही आत, अगदी तळाशी, दुसराच एक आवाज होता आणि तो त्यांनी स्वच्छ ऐकला. घेऊ दे. त्यालाही कळू दे. धुरपताबाईंनी गोळी गिळली. प्रमिलाबाईंनी हातातली चकली संपवली आणि आणखी एक मागून घेतली.

पंचवीस नोव्हेंबरला सकाळी अकरा वाजता दुकानापुढे दोन गाड्या थांबल्या. प्रमिलाबाई ठेवणीतलं पातळ नेसून समोरच्या ओट्यावर उभ्या होत्या. लीनाबाई उतरल्या, गुन्हे शाखेचे जमादार उतरले, मागून एक महिला शिपाई. लीनाबाईंनी फोन कानाला लावून रायपूरला विचारलं, "आत शिरलात? बरं, आम्हीही शिरतो." दोन पंच बोलावले. फळीवरची खोकी खाली आली. बघता बघता गल्ली गोळा झाली.

"याचं खरेदी बिल?"

"बिल नाई, मॅडम. नागपूरहून एक जन पिशवीत घेऊन येते. सस्ता देते."

"या गोळ्या बनावट आहेत. यांत औषध नाही."

"नकली? नाई हो मॅडम, काहीतरी गलती आहे. माही सोताची माय खाते ह्या..."

तो मध्येच थांबला आणि स्टुलावर बसला. बराच वेळ त्याने स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"आज सकाळीच देल्ली. माह्या हातानं."

मान वर केली तेव्हा त्याला गर्दीत प्रमिलाबाई दिसल्या. त्याचा चेहरा आणखी उतरला.

"काकू... काकाबी ह्याच खात होते नं?"

त्याने हात जोडले. सगळ्या गल्लीदेखत जोडले. "मले मालूम नव्हतं, काकू. देवाशपथ मालूम नव्हतं."

हेच तर बघायला त्या आल्या होत्या. पन्नास दिवस त्यांनी एक वाक्य घासूनपुसून ठेवलं होतं, मीही माझ्याच हातानं दिली होती, ताराचंद. ते आता बोलण्यात अर्थ उरला नव्हता. तो आधीच बोलून गेला होता.

"काकू, माय घरी एकटी आहे. तुमी जा तिच्यापाशी. त्या गोळ्या फेका अन् तिले दवाखान्यात न्या. तुमच्याबिगर कोन आहे मले?"

"जाते," प्रमिलाबाई म्हणाल्या, आणि ओट्यावरून खाली उतरल्या.

लीनाबाईंनी ताराचंदपुढे जप्तीचे कागद ठेवले. सोबत तपासणी अहवालाची प्रत. औषधवाला माणूस, बारीक अक्षरातलं वाचायची सवय. त्याचं बोट ओळीओळीने खाली सरकत शेवटच्या सहीपाशी थांबलं. प्रमिलाबाईंची गोल, कचेरीतली सही. अहवाल मिळाला. सहा ऑक्टोबर.

लीनाबाईंनी त्याचं थांबलेलं बोट पाहिलं आणि मग प्रमिलाबाईंकडे पाहिलं.

"यांची आई हीच गोळी घेते, हे तुम्हाला माहीत होतं?"

"तुम्हीच सांगितलं होतं, बोलू नका."

"त्यांच्याशी. माझ्याशी नव्हे." लीनाबाईंचा आवाज चढला नाही. "मला नुसतं कळवलं असतं, तर बीपी तपासायच्या निमित्तानं आरोग्य केंद्रातल्या आशाताईंना घरी धाडलं असतं. डॉक्टरांनी दुसरी गोळी लिहून दिली असती, कुणाला पत्ताही लागला नसता. एका दिवसाचं काम होतं."

प्रमिलाबाईंना हे सुचलं नव्हतं. एकतीस वर्षं कागद फिरवलेल्या बाईला सुचलं नव्हतं.

ताराचंदने तिन्ही जागी सह्या केल्या. पेनाला टोपण लावून ते परत दिलं. मग उठला आणि प्रमिलाबाईंकडे न बघता जमादाराला म्हणाला,

"साहेब, मायकडे कोनालेबी पाठवा. यायले नका पाठवू."